पुस्तकातून पाण्यात

पोहणं काही पुस्तकातून येत नाही, पाण्यातच पडावं लागतं, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. गावाकडच्या विहिरीवर पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा आणि पोराला काठावरून ढकलून द्यायचं, एवढाच काय तो अभ्यासक्रम. पण तो पोरांसाठी. चाळिशी उलटलेल्या माणसाला ढकलायला ना काका पुढे येतो, ना मामा. अशा एकट्या, थोराड शिकणाऱ्याला युरोपात मात्र फार पूर्वीपासून एक गुरू मिळत आला आहे, आणि तो पुस्तकच आहे.

1538 साली निकोलस विनमन या जर्मन भाषिक प्राध्यापकानं पोहण्यावर एक संवादरूप पुस्तक छापलं. पण पुढचा काळ गाजवला तो केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बीनं. त्याचा ‘दे आर्ते नातांदी’ हा लॅटिन ग्रंथ 1587 सालचा. गंमत अशी की, 1571 मध्ये याच केंब्रिज विद्यापीठानं विद्यार्थ्यांना नदीत उतरायलाच बंदी केली होती. पहिल्या गुन्ह्याला फटके, दुसऱ्याला हकालपट्टी! डिग्बीचा ग्रंथ लाकडी ठशांच्या चित्रांनी भरलेला आहे. नदीकाठची मोजकीच दृश्यं कोरून घेतलेली आणि त्यांत पोहणाऱ्याची आकृती तेवढी बदलत जाते. पाण्यात कसं उतरावं, वळावं कसं, उताणं कसं तरंगावं, हे सगळं त्यात आहेच. शिवाय पाण्यात तरंगत पायाची नखं कशी कापावीत, हेही आहे. नख कापण्याची इतकी निकड कुणाला असावी कोण जाणे. पण पाण्यात माणूस घरच्यासारखा वावरू शकतो, हे ठसवायला याहून चांगलं चित्र सापडणं अवघड.

लॅटिन येणारे थोडे, त्यामुळे 1595 मध्ये क्रिस्टोफर मिडलटननं त्याचा इंग्रजी संक्षेप केला. शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा ग्रंथपाल मेल्शिसेदेक तेवनो यानं डिग्बीचाच माल उचलून फ्रेंचमध्ये मांडला. त्याच्या मृत्यूनंतर, 1696 मध्ये, ते पुस्तक निघालं. 1699 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि अटलांटिक ओलांडून बॉस्टनच्या एका पोराच्या हाती लागलं. तो पोरगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिननं तेवनोच्या पुस्तकातली एकूण एक करामत घोटून घेतली आणि वर आपल्या चार घातल्या. चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या, अंगठ्यासाठी भोक असलेल्या दोन फळ्या हातात धरून तो पोहायचा. वेग वाढला, पण मनगटं भरून यायची. आज तलावावर प्लास्टिकचे पॅडल घालून सराव करणाऱ्यांची तक्रार वेगळी नसते. 1726 मध्ये, लंडनच्या छापखान्यात काम करत असताना, मित्रांच्या आग्रहावरून त्यानं चेल्सीपाशी थेम्समध्ये उडी घेतली आणि वाटेत पाण्यावर आणि पाण्याखाली कसरती करत थेट ब्लॅकफ्रायर्सपर्यंत, म्हणजे तीन मैलांहून जास्त, पोहत गेला. त्याची कीर्ती ऐकून सर विल्यम विंडम या बड्या असामीनं आपल्या दोन मुलांना शिकवण्याची गळ घातली. पण फ्रँकलिन अमेरिकेला परतायच्या तयारीत होता. इथंच राहून पोहण्याची शाळा काढली असती तर बरा पैसा मिळाला असता, असं त्यानं आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

शाळा निघाली नाही, पण एक पत्र उरलं. ऑलिव्हर नीव्ह या मित्रानं कुरकुर केली की आता वय झालं, पोहणं शिकायचं राहून गेलं. फ्रँकलिनला ते मुळीच पटलं नाही. तुझ्या बागेच्या टोकाशी नदी आहे, मग अडतंय कुठे, असा त्याचा सूर. बूच किंवा फुगवलेल्या पिशव्या बांधण्याचा आपल्याला फारसा अनुभव नाही, हातपाय मारायला शिकेपर्यंत त्यांचा उपयोग होतही असेल, असं तो म्हणतो. पण पाणी आपल्याला उचलून धरतं यावर विश्वास बसल्याशिवाय माणूस पोहणारा होत नाही. तो विश्वास बसवायला त्यानं सांगितली अंड्याची युक्ती. छातीइतक्या पाण्यात चालत जायचं, काठाकडे तोंड करून वळायचं आणि आपल्या व काठाच्या मधे एक अंडं टाकायचं. पांढरं अंडं तळाशी स्वच्छ दिसतं. आता डोळे उघडे ठेवून बुडी मारायची आणि ते उचलायचं. पाणी आपल्याला वर ढकलतं, खाली जायलाच कष्ट पडतात, हे तिथं कळतं. आणि पाय टेकताच पुन्हा उभं राहता येत असल्यामुळे जीव धोक्यात नाही. डिग्बी आणि तेवनो यांनी हालचाली शिकवल्या. फ्रँकलिननं भीतीवर बोट ठेवलं. मोठ्या माणसाची खरी अडचण तीच असते.

असाच मोठेपणी पाण्याच्या नादी लागलेला एक भारतीय म्हणजे मिहिर सेन. 1950 मध्ये ते वकिलीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन जलतरणपटूनं इंग्लिश खाडी पार केल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा त्यांना पोहण्याचा अनुभव जवळपास नव्हताच. वायएमसीएच्या तलावात ते क्रॉल शिकले, बॅरिस्टर झाले, खाडीत उतरले आणि हरले. अखेर 27 सप्टेंबर 1958 रोजी 14 तास 45 मिनिटांत त्यांनी खाडी ओलांडली. आशियातले पहिले म्हणून त्यांचं नाव अनेकदा घेतलं जातं, पण तो मान पूर्व पाकिस्तानच्या ब्रोजेन दास यांचा. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पार झाले होते. सेन भारताचे पहिले.

पुस्तकांची परंपरा विसाव्या शतकातही संपली नाही. अमेरिकेचे टेरी लाफलिन यांचं ‘टोटल इमर्शन’ 1996 मध्ये आलं आणि तलावात एकट्यानं घाम गाळणाऱ्या हजारो प्रौढांनी ते उचललं. आधी हात-पाय नाही, आधी तोल, असा लाफलिन यांचा आग्रह. छाती पाण्यात किंचित दाबायची म्हणजे बुडणारे पाय आपोआप वर येतात. अंडं तेवढं गायब, बाकी क्रम फ्रँकलिनचाच.

या एकांड्यांना शर्यतीही मिळाल्या. नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या प्रयत्नांतून 1970 मध्ये टेक्ससमधल्या अमारिलो इथं प्रौढांची पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरली. अमेरिकेतल्या मास्टर्स संघटनेत आजही कुठल्याच क्लबचं नसलेल्या माणसाला ‘अनअटॅच्ड’ म्हणून नाव नोंदवता येतं. वैयक्तिक शर्यती त्याला खुल्या असतात. रिले मात्र नाही.