जनीचे अभंग आणि वर्तुळात फिरणारा पुरावा

१/ परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. पंढरपुरात नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या, असे परंपरा सांगते. या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे ‘जनी’ ही नाममुद्रा असलेले तीनशेहून अधिक अभंग.

२/ हे अभंग दीर्घकाळ कीर्तनातून, मुखपरंपरेने टिकले. लेखी प्रती पुष्कळ नंतरच्या. अशा प्रवासात इतरांच्या रचना मिसळतात. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना संत नामदेवांच्या नावावर गेल्या, हे प्रसिद्धच आहे.

३/ मग जनाबाईंचे अस्सल अभंग ओळखायचे कसे? सोपे उत्तर असे : ज्यांत दळण-कांडणाची भाषा आहे, ते अस्सल, कारण त्या दासी होत्या. त्या दळण-कांडण करीत, हे कशावरून? त्याच अभंगांवरून!

४/ न्यायशास्त्रात याला ‘अन्योन्याश्रय’ दोष म्हणतात : दोन विधाने एकमेकांच्याच आधारावर उभी असतात. तीन किंवा अधिक विधानांचा असा फेरा झाला की तो ‘चक्रक’. घाण्याचा बैल दिवसभर चालतो. गाव मात्र येत नाही.

५/ महिपतींच्या ‘भक्तविजया’तही जनाबाईंची कथा आहे. पण तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे सुमारे चारशे वर्षांनंतरचा. तोवर अभंग आणि आख्यायिका सर्वत्र रुजल्या होत्या. त्यामुळे हा स्वतंत्र साक्षीदार ठरत नाही.

६/ या दोषाची किंमत मोठी आहे. ‘हरिश्चंद्राख्यान’, ‘थाळीपाक’ यांसारख्या आख्यानरचनाही जनाबाईंच्या नावावर आहेत. ‘दासीला पुराणकथांचे एवढे ज्ञान कुठले?’ म्हणून त्या नाकारल्या, तर उरलेल्या रचनांतून अल्पज्ञ दासीच दिसणार. आणि तीच पुन्हा नकाराचे कारण ठरणार. शूद्र स्त्रीच्या विद्वत्तेचा प्रश्न पुरावा न तपासताच निकालात निघतो.

७/ आख्याने त्यांचीच आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही. निर्णयासाठी वर्तुळाबाहेरचा आधार हवा : हस्तलिखिताचा काळ, भाषेतील जुनी रूपे, निरनिराळ्या प्रतींतील पाठभेद. एखादी रचना जुन्या, परस्परांशी संबंध नसलेल्या प्रतींत सापडली, तर तिचे वजन वाढते. मग तिचा विषय जाते असो वा हरिश्चंद्र.

८/ इतिहासातील कोणतेही विधान वाचताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा : निष्कर्ष बाजूला ठेवला, तरी हा पुरावा उभा राहतो का?