बेव्हरवाइकचं कुलूप आणि व्हीपीएनचा प्रश्न

दर सप्टेंबरला वाखनिंगनमध्ये नवीन मराठी मुलं येतात. सायकल कुठे मिळेल, तांदूळ कुठला घ्यायचा, हे विचारून झालं की एक प्रश्न हमखास येतो: "व्हीपीएन घ्यायला लागेल का?" जाहिरातींनी घाबरवलेलं असतं की विमानतळाच्या वायफायवर बसलात की शेजारचा माणूस तुमचा पासवर्ड पळवणार. ही भीती खोटी नाही. जुनी आहे.

ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. कॅफेच्या वायफायवर बसून दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरणं त्यामुळे एका क्लिकचं काम झालं, कारण लॉगिननंतरची माहिती तेव्हा अनेक साइट्स उघडीच पाठवायच्या. कंपन्यांना लाजवणं हा त्याचा हेतू होता, आणि तो साधलाही. 2013 मध्ये फेसबुकने सगळ्यांना एचटीटीपीएसवर आणलं. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टने लहान साइट्सनाही ते कुलूप फुकट द्यायला सुरुवात केली.

पण कुलूप खरं आहे हे कोण सांगणार? इथे गोष्ट नेदरलँड्समध्ये येते. ॲमस्टरडॅमच्या वायव्येला बेव्हरवाइक नावाचं गाव आहे. तिथली डिजीनोटार ही कंपनी "ही साइट खरोखर त्यांचीच" अशी प्रमाणपत्रं द्यायची. डच सरकारच्या साइट्सही त्यावर चालायच्या. 2011 च्या उन्हाळ्यात तिच्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं आणि 10 जुलैला गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र तयार झालं. कंपनीला जुलैतच घुसखोरी कळली होती, पण तिने बाहेर काही सांगितलं नाही. ऑगस्टच्या शेवटी इराणमधल्या एका माणसाला क्रोमने जीमेल उघडताना इशारा दिला (गूगलची खरी प्रमाणपत्रं क्रोममध्ये आधीच नोंदलेली होती), तेव्हा प्रकरण फुटलं. सुमारे 3 लाख आयपी पत्ते या सापळ्यात आले होते, जवळजवळ सगळे इराणमधले. 3 सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर मंत्री पीट हेन डोनर यांनी पत्रकार परिषद घेऊन सरकारी साइट्सच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही असं सांगितलं. 20 सप्टेंबरला कंपनीचं दिवाळं निघालं.

आता नीट बघा. तेहरानमधल्या माणसाला व्हीपीएनचा उपयोग झाला असता, कारण सापळा त्याच्याच देशाच्या नेटवर्कमध्ये लावलेला होता. बेव्हरवाइकच्या रहिवाशाला त्याचा काय फायदा? त्याच्यासाठी दुरुस्ती कुलुपातच व्हायला हवी होती, आणि ती झाली. आज प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदवावं लागतं. 2018 पासून क्रोम नव्या प्रमाणपत्रांसाठी तसा आग्रहच धरतो. कॅफेतल्या शेजाऱ्याला फार तर तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं, आत काय लिहिलंत ते नाही.

व्हीपीएन घेतलं की ती साइट्सची यादी शेजाऱ्याऐवजी व्हीपीएन कंपनीला दिसते. बस, एवढाच फरक. मग प्रश्न उरतो की ती कंपनी कोण, आणि कुठल्या कायद्याखाली चालते. 28 एप्रिल 2022 ला भारताच्या सर्ट-इनने आदेश काढला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे नोंदी निदान 5 वर्षं ठेवायच्या. ऑफिसांच्या अंतर्गत व्हीपीएनना त्यातून वगळलं. जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले आणि "भारत" नावाचा पर्याय सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून चालू ठेवला.

युनिव्हर्सिटीचं व्हीपीएन मात्र वेगळं. घरून लायब्ररीतले लेख वाचायला ते वापराच. व्हीपीएन मुळात ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बाहेरून शिरण्यासाठीच जन्माला आलं.

त्यामुळे बँकेचे व्यवहार आणि ईमेलसाठी व्हीपीएन घ्यायचं का असं कुणी विचारलं, तर मी नाही म्हणतो. ते पैसे सायकलच्या दुसऱ्या कुलपात घाला. पुण्यातली एखादी साइट इथून उघडत नाही म्हणून हवं असेल तर महिनाभरासाठी घ्या. फक्त पडद्यावर "भारत" लिहिलेलं असलं तरी तुमची वाट कदाचित सिंगापूरवरून जात असेल.