घरातला खून आणि मृत्युपत्र: इंग्रजी रहस्यकादंबरीची पूर्वपीठिका

श्रीमंत कुटुंबाच्या निवासात खून होतो आणि संशय एकाच पंक्तीला जेवणाऱ्या माणसांवर येतो, या इंग्रजी रहस्यकादंबरीच्या परिचित रचनेची मुळे एकोणिसाव्या शतकातील एका प्रत्यक्ष खटल्यात आणि इंग्लंडच्या वारसाविषयक कायद्यात आढळतात.

30 जून 1860 रोजी सकाळी विल्टशायरच्या सीमेवरील रोड हिल हाउस या प्रशस्त घरातून सॅम्युएल केंट यांचा सुमारे चार वर्षांचा मुलगा नाहीसा झाल्याचे उघडकीस आले आणि गळा चिरलेला त्याचा मृतदेह आवारातील शौचकूपात सापडला. स्कॉटलंड यार्डने 1842 मध्ये स्थापन केलेल्या गुप्तहेर शाखेतील जोनाथन विचर यांनी तपास हाती घेतल्यावर, मृत मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्या रात्रीच्या तीन झग्यांपैकी एक हरवला असल्याच्या मुद्द्यावर भर देऊन तिला अटक करविली. परंतु माळ्याच्या मुलाने, म्हणजे सामान्य घरातून आलेल्या पोलिसाने, प्रतिष्ठित कुटुंबातील कन्येच्या कपड्यांची झडती घ्यावी याचा मोठा गहजब झाला, ती सुटली आणि विचर यांची अप्रतिष्ठा झाली. 1865 मध्ये तिने स्वतःच कबुली दिल्यानंतर त्यांचा तर्क खरा ठरला.

विल्की कॉलिन्स यांच्या 1868 मधील ‘द मूनस्टोन’मध्ये चोरी श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेल्या हिऱ्याची असली, तरी दाराच्या ओल्या रंगाचा डाग पडलेला झगा हा तिथला निर्णायक पुरावा याच खटल्याची आठवण करून देतो.

पुढे या रचनेला मृत्युपत्राची जोड मिळाली. हिंदू वारसा कायद्याच्या मिताक्षरा पद्धतीत मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सा मिळत असे. इंग्रजी कायद्यात मात्र मालक आपली संपत्ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकत असल्याने आणि 1938 च्या कायद्यापर्यंत डावललेल्या मुलांना न्यायालयात दादही मागता येत नसल्याने, घरातील प्रत्येकाचे भवितव्य एका वृद्ध व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राही. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’मध्ये धनाढ्य एमिली इंगलथॉर्प यांनी वयाने लहान पुरुषाशी विवाह केल्यामुळे सावत्र मुलांचे हितसंबंध धोक्यात येतात. महायुद्धाच्या काळात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात केलेल्या कामातून ख्रिस्ती यांना विषांची माहिती झाली होती. म्हणूनच स्ट्रिक्नीनयुक्त शक्तिवर्धक औषधात ब्रोमाइड मिसळले असता विष तळाशी साचते आणि शेवटची मात्रा प्राणघातक ठरते, ही युक्ती त्यांनी रासायनिक अचूकतेने योजली.

खुनी कोण, या प्रश्नाइतकेच घरात कोण कोणावर अवलंबून होते आणि का, हेही या कादंबऱ्या नोंदवून ठेवतात. त्यामुळे सामाजिक इतिहासाची साधने म्हणून त्यांचे वाचन होणे अगत्याचे आहे.