सावरण्याची तालीम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरच्या दखनी बोलीत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, आणि नाटकाचा सरावही. आपत्तीच्या सरावाला सरकारी भाषेत 'रंगीत तालीम' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला किल्लारी आठवते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. मी अंबाजोगाईत बी.ए.ला होतो. पहाटे चारच्या सुमारास फडताळातली भांडी कोसळली आणि आम्ही रस्त्यावर धावलो. पुढे कळले, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली होती. माळवदाची जड घरे माणसांवर बसली. सुमारे आठ हजार माणसे गेली.

आम्ही पोरे भाकरी आणि जुने कपडे टेम्पोत भरून निघालो. मदतीच्या आणि बघ्यांच्या वाहनांनी रस्ता तुंबलेला. पोहोचलो तेव्हा कपड्यांचे ढीग पावसात भिजत होते. आम्ही त्यात आमचीही भर टाकली. एका आजीने विचारले, "बाबा, खोरं आणलंय का?" आमच्याकडे खोरे नव्हते. ती लाज अजून गेलेली नाही.

लष्कर, पोलीस, डॉक्टर, संस्था, सारेच जिवापाड राबत होते. पण बहुतेकांची एकमेकांशी पहिली ओळख ढिगाऱ्यावरच होत होती.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्याने वसवली गेली. मला मात्र तडकलेल्या घरांच्या दुरुस्तीचे काम अधिक मोलाचे वाटते. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीने हजाराहून अधिक गावांत स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारा लांब दगड कुठे बसवायचा, हे अभियंता, गवंडी आणि घरधनीण एकत्र शिकू लागले. २००१ साली भूज हादरले, तेव्हा याच भागातल्या बाया गुजरातेत जाऊन आपला अनुभव सांगून आल्या. ही खरी तालीम!

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असे प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्याला दिले. प्रशिक्षण हेही त्याचे काम. पण आपल्याकडे तालीम होते ती बहुधा सुटकेची: दोर, बोट, शिट्टी. सावरण्याची होत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. माणसे वाचली, याचे समाधान मोठे. पण पाणी ओसरल्यावर खरडलेली जमीन, गाळाने भरलेली विहीर, मेलेली जनावरे आणि पोरांची भिजलेली दप्तरे राहतात. तिथे हेलिकॉप्टर कामाचे नाही.

म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आशाताई, अंगणवाडीताई, गवंडी आणि बचत गटाच्या बाया यांनी अर्धा दिवस चावडीवर एकत्र बसावे. पंचनाम्याला कोणते कागद लागतात, विहीर कोण शुद्ध करणार, एकट्या म्हाताऱ्यांची घरे कोणती, हे आधीच ठरावे. खोरे कोणाकडे आहे, हेही.

त्या आजीला द्यायला एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे.