मोटारींतील ध्वनिवर्धकाचा पूर्वेतिहास

मोटारींत बसावें, एक कळ दाबावी आणि गाणें सुरू व्हावें, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यामागें कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु कारखान्यांतूनच बसवून आलेल्या स्टीरिओला कोणी अँप्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, जोडावयास गेला कीं, तो इतिहास तारांच्या रूपानें त्याच्यापुढें उभा राहतो. तो ठाऊक नसला, तर चांगला स्टीरिओ क्षणांत निकामी होण्याचें भय असतें.

१९२९ सालीं अमेरिकेंत शेअरबाजार कोसळला. शिकागो येथील पॉल गॅल्व्हिन याचा धंदा त्या वेळीं बॅटरीवरील रेडिओ घरच्या विजेवर चालविण्याचें उपकरण विकण्याचा होता. पण मुळांतच विजेवर चालणारे रेडिओ निघाले आणि त्या उपकरणाची गरज सरत चालली. तेव्हां त्यानें मोटारीच्या रेडिओवर भिस्त ठेवली. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्यानें झालेला संच आपल्या गाडींत बसवून तो १९३० सालीं अटलांटिक सिटी येथें रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनास गेला. आंत मांडणीस जागा नव्हती; म्हणून त्यानें गाडी बाहेरच उभी केली व येणाऱ्याजाणाऱ्यांस रेडिओ ऐकविला. मागण्या आल्या आणि कारखाना तगला. त्या रेडिओचें ‘मोटोरोला’ हें नांवच पुढें १९४७ सालीं कंपनीनें धारण केलें.

खरी अडचण मात्र विजेच्या दाबाची होती. रेडिओच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी तर बहुधा सहा व्होल्टांची. म्हणून आरंभीं निराळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळफळ्यांखालीं ठेवाव्या लागत. त्या वरचेवर बदलण्याचा त्रास ‘व्हायब्रेटर’नें चुकविला. त्यांतील पोलादी पट्टी सेकंदाला सुमारें शंभर वेळां थरथरून प्रवाह तोडी व जोडी; असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला म्हणजे हवा तितका दाब मिळे.

१९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५५ सालीं क्रायस्लरच्या गाड्यांतून केवळ ट्रान्झिस्टरांचा रेडिओ मिळूं लागला. ट्रान्झिस्टरला उच्च दाब नको असल्यानें व्हायब्रेटर कालांतरानें अडगळींत गेला. त्याच लिअरनें काढलेल्या आठ पट्ट्यांच्या टेपचें यंत्र फोर्डनें १९६६ च्या गाड्यांसाठीं देऊं केलें. आतां श्रोत्यांना नुसतें ऐकूं येणें पुरेना. भरदार आवाज हवासा झाला.

येथें जुनी अडचण पुन्हा आडवी आली. बारा व्होल्टांवर, चार ओहमच्या स्पीकरला, साध्या मांडणींत फार तर ४.५ वॅट शक्ति देतां येते. स्पीकरच्या दोन्ही तारा दोन बाजूंनीं हालविल्या, तर ती १८ वॅटपर्यंत जाते. त्यापुढें जावयाचें तर दाब वाढविलाच पाहिजे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील जिम फॉसगेट यांच्यासारख्या कारागिरांनीं मोटारीसाठीं स्वतंत्र ध्वनिवर्धक केले. अशा शक्तिमान् ध्वनिवर्धकांत बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां तोडून त्याचा दाब चढवितात. व्हायब्रेटरचीच ही युक्ति. थरथरणाऱ्या पट्टीचें काम मात्र आतां ट्रान्झिस्टर करतो.

हा इतिहास जोडणींत असा उपयोगी पडतो. जुन्या संचांत स्पीकरची एक तार पुष्कळदां गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असे. आजच्या बहुतेक स्टीरिओंत मात्र दोन्ही तारा जिवंत असतात. जुन्या संवयीनें त्यांतील एक सांगाड्याला टेकविली, तर आंतील चकती जळूं शकते. शिवाय कारखान्याच्या स्टीरिओला ध्वनिवर्धकासाठीं निराळी बारीक संकेताची वाट बहुधा नसते. म्हणून स्पीकरकडे जाणारा संकेत परिवर्तकांतून सौम्य करून ध्वनिवर्धकाला द्यावा, किंवा तो थेट घेण्याची सोय असलेला ध्वनिवर्धक निवडावा.

विजेसाठीं मात्र बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणावी लागते. ३०० वॅटांना बारा व्होल्टांवर निदान २५ अँपिअर प्रवाह लागतो. स्टीरिओची बारीक तार तो भार सोसणार नाहीं. या जाड तारेवर बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज हवा. तो ध्वनिवर्धकापाशीं बसविला आणि तार मध्येंच कोठें घासून सांगाड्याला लागली, तर फ्यूजला पत्ता न लागतां गाडी पेट घेऊं शकते.

गॅल्व्हिनच्या गाडींतील संचापासून आजपर्यंत यंत्रें अनेक वेळां बदललीं. बॅटरीच्या अल्प दाबांतून मोठा ध्वनि काढण्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. तो ओळखून जो तारेला हात घालतो, त्याच्या गाडींतील गाणें सुरक्षित राहतें आणि गाडींतील माणसेंहि.