पटावरची नावं

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या बोलण्यात 'चार्टर स्कूल' हा शब्द अधूनमधून येतो. चार्टर म्हणजे सनद. शाळा सरकारी पैशावर चालते, फी नसते, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाकडे. सनदेत कबूल केलेलं जमलं नाही तर शाळा बंद!

या कल्पनेचं एक मूळ जर्मनीत आहे. शिक्षक संघटनेचे पुढारी अल्बर्ट शँकर १९८७ साली कोलोनमधली एक शाळा पाहून आले. तिथे तुर्की आणि मोरोक्कन कामगारांची मुलं जर्मन मुलांबरोबर एकाच वर्गात शिकत होती. हुशार-कच्ची अशा वेगळ्या तुकड्याही नव्हत्या. अमेरिकेतही शिक्षकांना असे प्रयोग करू द्या, असं त्यांनी १९८८ मध्ये मांडलं. १९९१ साली मिनेसोटानं पहिला कायदा केला आणि १९९२ साली सेंट पॉलला पहिली चार्टर शाळा उघडली. देशभरातल्या अशा शाळांचा पट २०१० साली १८ लाख होता, २०२१ साली तो ३७ लाखांवर गेला.

गंमत म्हणजे, मुलं एकत्र शिकावीत म्हणून सुचलेल्या या शाळांत पुष्कळदा एकसारखीच मुलं दिसतात. कारण साधं आहे. अशा लहान शाळा बरेचदा बालवर्ग आणि पहिलीपासून सुरू होतात आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवतात. पैसे पटाप्रमाणे मिळतात, म्हणजे दहा मुलं कमी आली तरी शिक्षकाचा पगार अडतो. मग मुलं आणायची कुठून? ओळखीतून, देवळा-चर्चमधून, शेजारपाजारातून. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात, पण धाकट्या भावंडांना आधी प्रवेश. पहिल्या वर्षी जे आले, त्यांचीच घरं पुढे पटावर वाढत जातात.

सेंट पॉलमध्ये १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या मोंग लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या काही चार्टर शाळांत जवळजवळ सगळी मुलं मोंगच. नातवंडांना आजीशी बोलता यावं, असं वाटणाऱ्या आईबापांना नावं कशी ठेवायची?

२०१५ साली काही पालक हा प्रश्न घेऊन कोर्टात गेले. मिनेसोटातल्या शाळा वर्णानुसार विभागल्या गेल्यात, आणि चार्टर शाळांना दिलेली सूटही त्याला कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसता असमतोल घटनाबाह्य ठरत नाही. त्यामुळे शिक्षण अपुरं पडतंय, हे दाखवावं लागेल.

कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण मला वाटतं, कुणी हाकलल्यामुळे वेगळं बसणं आणि आपल्या भाषेसाठी आपणहून वेगळं बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पट नुसता मोजून तो कळत नाही. आणि तरीही, सहा वर्षांच्या पोराला शेजारच्या बाकावर वेगळ्या घरचं पोर भेटलं नाही, तर पुढे ते कुठे भेटणार, ही शँकर यांची काळजीही खोटी नव्हती.

असो. तिकडच्या मंडळींनी आपापल्या पोरांच्या वर्गात काय दिसतं ते जरूर कळवावं.