घरचा टीव्ही परमुलखात: स्लिंगबॉक्सची गोष्ट

आज रणांगण नाही, तह नाही, किल्लाही नाही. आज एका डब्याचा इतिहास सांगणार आहे. पुण्यात आईच्या टीव्हीखाली तो डबा बरीच वर्षं होता, आणि त्याच्यामुळे आमच्या घरात एकदा भुताटकीची शंकासुद्धा आली होती. त्याचं नाव स्लिंगबॉक्स. आपल्याकडे फार थोड्या घरांत तो आला, त्यामुळे नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याला चित्र दिसायला लागलं. पण मनोऱ्याची हद्द ती टीव्हीची हद्द. मनोरा दिसेनासा झाला की मराठी कार्यक्रम संपला. नोकरीनिमित्त दिल्ली, जबलपूर, गुवाहाटीकडे गेलेल्या मराठी माणसाला सुट्टीवर आल्यावरच घरचा टीव्ही भेटायचा. पुढे उपग्रह आले, डिश आली, वाहिन्या देशभर दिसू लागल्या. तरी 'माझ्या घरातला टीव्ही, माझ्या वाहिन्या, आणि मी मात्र घरापासून हजार मैलांवर' हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तो प्रश्न सुटला कॅलिफोर्नियात, आणि सुटला बेसबॉलमुळे. ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे दोघे भाऊ, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाचे कट्टर चाहते. २००२ च्या हंगामात जायंट्स जोरात होते, थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. पण हे दोघे कामासाठी सतत फिरतीवर. स्थानिक संघाचे सामने स्थानिक केबलवर दिसायचे, बाहेरगावच्या हॉटेलात नाही. घरी केबलचे पैसे भरलेले, टीव्ही बंद, आणि मालक हॉटेलात कुढत बसलेला. ही चीड आपल्याला समजायला अवघड नाही. रणजीची फायनल चालू असताना ट्रेनमध्ये अडकलेल्या माणसाला विचारा.

दोघांनी सॅन मॅटिओ इथे स्लिंग मीडिया ही कंपनी काढली, आणि २००५ च्या उन्हाळ्यात पहिला स्लिंगबॉक्स अमेरिकेतल्या दुकानांत आला. किंमत २५० डॉलरला एक सेंट कमी. महिन्याचं भाडं नाही. एकदा विकत घ्यायचा, बस्स.

आता तो चालायचा कसा ते नीट बघू. मी सिग्नल्सचा माणूस आहे, हा भाग मी घाईने सांगणार नाही. सेट टॉप बॉक्समधून चित्र आणि आवाज बाहेर काढणाऱ्या ज्या वायरी असतात, त्या टीव्हीबरोबर या डब्यालाही जोडायच्या. डबा ते चित्र दाबून लहान करायचा आणि घरच्या राउटरमधून इंटरनेटवर सोडायचा. दुसऱ्या टोकाला लॅपटॉपवर त्यांचा प्रोग्रॅम घालायचा, की चित्र दिसलं. पण खरी गंमत पुढे आहे. डब्यातून एक बारीक वायर निघायची, तिच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा दिवा. तो सेट टॉप बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवायचा. परदेशात बसलेल्या माणसाने लॅपटॉपवरच्या रिमोटच्या चित्रावर बटण दाबलं, की इथे तो दिवा सेट टॉप बॉक्सला रिमोटचीच खूण करायचा. म्हणजे बॉक्सला वाटायचं, समोर कोणी बसलंय.

आमच्याकडे हा डबा आणला धाकट्या भावाने. तो कॅलिफोर्नियात, आई पुण्यात एकटी, मी तेव्हा नोकरीत, महूला. २००९ च्या दिवाळीत त्याने डबा लावला आणि परत गेला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आईचा मला फोन. "अरे, टीव्हीत काहीतरी शिरलंय. मी हातसुद्धा लावला नाही आणि आपोआप बातम्या लागल्या." मी म्हटलं, केबल ढिली असेल. "केबल ढिली असली तर मुंग्या येतात, मालिका जाऊन बातम्या कशा येतील?" तिचा मुद्दा बिनतोड होता. मालिका रात्री आठची, आणि त्या वेळी तिकडे उजाडत असे. चहा पिता पिता आमचे बंधुराज पुण्याच्या बातम्या लावत होते. सेट टॉप बॉक्स एक, म्हणजे वाहिनीही एकच. त्याने बदलली की आईच्या टीव्हीवरही बदलायची.

खुलासा झाल्यावर आईने त्याला फोनवर फैलावर घेतलं. मग वेळा ठरल्या. आठ ते साडेनऊ हात लावायचा नाही. बाकीच्या वेळी वाहिनी बदलली की ती तिथूनच म्हणायची, "उठला वाटतं." भाऊ रोज फोन करत नसे. पण रोज वाहिनी बदलायचा.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण चित्र? चित्राचं नाव काढू नका. कारण साधं आहे. घरच्या इंटरनेटला दोन रस्ते असतात, खाली येणारा आणि वर जाणारा. आपण सगळे येणारा रस्ता मोजतो. स्लिंगबॉक्स घरातून बाहेर चित्र पाठवतो, म्हणून त्याला लागतो जाणारा रस्ता, आणि तो टेलिफोनच्या तारेवरच्या कनेक्शनला मुळातच अरुंद ठेवलेला असतो. त्या काळी २००४ च्या सरकारी धोरणाप्रमाणे २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत होते, तेही येणाऱ्या रस्त्याचे. ती व्याख्या ५१२ वर गेली २०१३ मध्ये. आणि या डब्याला ओळख पटेल असं चित्र पाठवायलाही अडीचशे-तीनशे किलोबिट वर जायला हवे होते. हा डबा भारतात का रुजला नाही याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेतलं घर बघावं, या हिशोबाने तो बनला होता. भावाने महागडा प्लॅन घेतला तेव्हा कुठे माणसांना चेहरे आले. चेंडू मात्र कधीच दिसला नाही.

२ एप्रिल २०११. वर्ल्ड कपची फायनल, वानखेडे. श्रीलंका २७४. मी रजेवर पुण्यात होतो. भाऊ तिकडे मध्यरात्रीपासून जागा, आईच्याच टीव्हीवर सामना बघतोय, फोनचा स्पीकर चालू. शेवटी शेवटी कुलशेखराच्या चेंडूवर धोनीने षटकार मारला, आणि आई ओरडली, "जिंकलो!" फोनमधून भाऊ कळवळला, "आई, थांब ना! माझ्याकडे तो अजून धावत येतोय!" चित्र दाबणं, पाठवणं, तिकडे उलगडणं, यात काही सेकंद जायचे. अठ्ठावीस वर्षं वाट बघून आलेला तो क्षण त्याला आईने आधी सांगितला आणि पडद्याने नंतर. तो अजून मला म्हणतो, दादा, तू तरी तिचं तोंड दाबायचंस.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरचा निकाल दिला होता. कार्यक्रम टेप करून सवडीने बघणं गैर नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. एका मताचा फरक. ते झालं वेळ सरकवणं. स्लिंगवाल्यांचं म्हणणं, आम्ही फक्त जागा सरकवतो. पैसे भरलेला माणूस तोच, डबा त्याचा, एका वेळी बघणारा एकच. मेजर लीग बेसबॉलच्या मंडळींना हे रुचलं नाही, कारण त्यांचा धंदा प्रदेशवार हक्क विकण्याचा. ज्याने सॅन फ्रान्सिस्कोचे हक्क घेतले त्याचं चित्र न्यूयॉर्कात का दिसावं? त्यांच्या बाजूनेही विचार केला तर मुद्दा अगदीच पोकळ नाही.

जपानमध्ये हे प्रकरण वेगळ्या वळणाने गेलं. सोनीने असाच लोकेशनफ्री नावाचा डबा काढला होता. तोक्योत 'मानेकी टीव्ही' नावाची एक छोटी सेवा होती. तुमचा डबा तुम्ही विकत घ्या, आमच्या ऑफिसात ठेवा, आम्ही अँटेना जोडून देतो, परदेशातून बघा. परदेशी राहणारे जपानी लोक हे त्यांचं गिऱ्हाईक. खालच्या कोर्टांत सेवा जिंकली. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. डबा गिऱ्हाइकाचा असला तरी प्रसारण चालवणारे तुम्ही, असं ठरलं. अमेरिकेत एरिओ कंपनीने नाण्याएवढ्या हजारो अँटेना लावून, प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र अँटेना देऊन हीच वाट चोखाळली. २५ जून २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंद केली.

स्लिंगचं काय? २००७ मध्ये एकोस्टार कंपनीने स्लिंग मीडिया ३८ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. पुढे डिश नेटवर्कच्या सेट टॉप बॉक्समध्येच हे तंत्र घातलं गेलं, आणि तेव्हा फॉक्स कोर्टात गेली. २०१३ च्या जानेवारीत तर गंमतच झाली. लास व्हेगासच्या प्रदर्शनात सीनेटच्या संपादकांनी डिशच्या त्या बॉक्सला सर्वोत्तम ठरवलं, आणि त्यांची मालक कंपनी सीबीएस डिशशी कोर्टात भांडत होती म्हणून तिने तो निर्णय बदलायला लावला. एका बातमीदाराने राजीनामा दिला. आणि शेवटी २०१५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने स्लिंगचा मार्ग एरिओपेक्षा वेगळा मानला. इथे बघणारा स्वतःच्या घरातल्या, स्वतः पैसे भरलेल्या बॉक्समधून स्वतःलाच चित्र पाठवतोय.

म्हणजे कोर्टात तो डबा वाचला. तरी मेला. कसा, ते सांगतो, आणि आजचं माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

आमच्याकडे फील्डमध्ये मॅग्नेटो टेलिफोन असत. दोन फोन, मध्ये तार, हँडल फिरवलं की तिकडे घंटा. मध्ये कोणी लागत नाही. तार शाबूत तोवर बोलणं शाबूत. पण तीच लाइन एक्स्चेंजमधून नेली, की बोर्डावर माणूस हवा. तो उठून गेला तर दोन्ही फोन धडधाकट असून मुके. मी सुरुवातीला समजत होतो की आईचा डबा आणि भावाचा लॅपटॉप यांच्यात थेट तार आहे. तशी ती नव्हती. घरच्या इंटरनेटचा पत्ता कंपनी अधूनमधून बदलत असते, म्हणून डबा आपला ताजा पत्ता स्लिंगच्या सर्व्हरला कळवायचा. भावाचा प्रोग्रॅम आधी त्या सर्व्हरला विचारायचा, आईचा डबा कुठे आहे? उत्तर आलं की मग पुढचं. दोन्ही टोकं आमची, बोर्डावरचा माणूस त्यांचा.

तो माणूस बदलत गेला. २०१५ मध्ये डब्याच्या अॅपवर जाहिराती येऊ लागल्या, पैसे देऊन घेतलेल्या डब्यावर. लोक कोर्टातही गेले. ब्लेक क्रिकोरियन २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेले, जेमतेम ४८ वर्षांचे. तोवर जगच पालटलं होतं. आपल्याकडे २०१५ मध्ये हॉटस्टार आलं, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ, २०१८ मध्ये झी५. टीव्ही घरातून फोनात गेला. आता घरच्या टीव्हीला हात लांबवायचं कारणच काय? नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की डबे बनवणं बंद, आणि दोन वर्षांनी सर्व्हरही बंद. ९ नोव्हेंबर २०२२ ला तो बंद झाला.

आमचा मूळ डबा जाऊन तोवर दुसरा, नव्या मॉडेलचा आला होता. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. "दादा, दिवा लागलाय का बघ." दिवा लागला होता. इंटरनेट होतं, सेट टॉप बॉक्स होता, टीव्हीवर मालिका चालू होती. तिकडे त्याचा लॅपटॉप सांगत होता की असा डबा सापडत नाही. जगातल्या काही हौशी मंडळींनी सर्व्हरशिवाय डबा चालवणारा प्रोग्रॅम लिहिला आहे आणि फुकट वाटला आहे. माझ्या मते ही खरी सिग्नल्सवाल्यांची जात. आम्ही मात्र त्या खटपटीत पडलो नाही. भावाला बातम्या फोनवर दिसतात, चित्र स्वच्छ, चेंडूसुद्धा दिसतो.

आईला काही सांगायचं राहून गेलं. महिनाभराने ती मला म्हणाली, "अरे, हल्ली तो वाहिनी बदलत नाही. बरा आहे ना?" मी तिला सर्व्हर, पत्ता, एक्स्चेंज, सगळं समजावलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्याला सांग, फोन करत जा म्हणावं."